आधी वस्ती शोधा, मग हॉटेल

लंडनच्या कुठल्याही उपनगरात स्टेशनातून बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर 'इंडियन रेस्टॉरंट' अशी पाटी दिसते. आत मेनू कार्डावर कोर्मा, मद्रास, विंदालू, दोप्याजा, धनसाक ही नावं ठरलेली असतात. मुंबई-पुण्याहून गेलेला माणूस मोठ्या आशेनं आत शिरतो, धनसाक मागवतो, त्यात अननसाचे तुकडे बघतो आणि बाहेर पडल्यावर सांगतो की लंडनमध्ये आपल्याकडचं जेवण मिळत नाही. हे मत मला मान्य नाही. सिल्हेट, लाहोर, जाफना, केरळ, पंजाब, काठियावाड, नेपाळ अशा सगळ्या मुलखांचं अस्सल जेवण एकाच तिकिटाच्या प्रवासात गाठता येतं, अशी शहरं जगात फार थोडी आहेत आणि लंडन त्यांतलं एक आहे. फक्त तिथे हॉटेल शोधत फिरायचं नसतं. वस्ती शोधायची. कोणते लोक केव्हा आले, कोणत्या कामासाठी आले, कुठे राहिले, हे समजलं की त्यांची स्वयंपाकघरं सापडतात. आचारी जिथे आपल्या माणसांसाठी रांधतो, तिथलं जेवण चांगलं असतं. या प्रकरणात एवढंच सांगायचं आहे, पण त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

सुरुवात १८१० पासून करू. पाटण्यात जन्मलेले, ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत वाढलेले साके दीन महोमेद यांनी त्या वर्षी पोर्टमन स्क्वेअरजवळ जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' उघडलं. हिंदुस्थानात चाकरी करून परतलेल्या इंग्रज साहेबांसाठी तिथे वेताच्या खुर्च्या, हुक्का आणि मसालेदार पदार्थ अशी व्यवस्था होती. ब्रिटनमधलं हिंदी माणसानं चालवलेलं ते पहिलं हॉटेल मानलं जातं. १८१२ मध्ये महोमेद यांचं दिवाळं निघालं. ज्या साहेबांना हे जेवण आवडायचं, त्यांच्या घरी ते रांधणारे नोकर होते आणि बाकीच्या लंडनकरांना त्याची गरज नव्हती. हॉटेलाला रोजचं गिऱ्हाईक लागतं, कौतुक करणारं नुसतं पुरत नाही. महोमेद पुढे ब्रायटनला गेले आणि तिथे चंपी-मालिशीच्या स्नानगृहानं त्यांना नाव मिळवून दिलं.

एडवर्ड पामर यांनी १९२६ मध्ये रीजंट स्ट्रीटवर सुरू केलेलं 'वीरास्वामी' हे ब्रिटनमधलं टिकून राहिलेलं सर्वांत जुनं भारतीय रेस्टॉरंट. तेही आधी बड्या लोकांसाठीच होतं. सामान्य इंग्रजाच्या ताटात करी आणली ती सिल्हेटच्या खलाशांनी.

ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आजच्या बहुतेक 'इंडियन' हॉटेलांचं मूळ तिथे आहे. आज बांगलादेशात असलेल्या सिल्हेटमधली तरुण मुलं कलकत्त्याच्या बंदरातून ब्रिटिश आगबोटींवर कामाला लागत. काम भट्टीत कोळसा टाकण्याचं, उकाडा जीवघेणा, पगार गोऱ्या खलाशांच्या मानानं फारच थोडा. लंडनच्या गोदीला बोट लागली की काही जण उतरत ते परतच येत नसत. ईस्ट एंडमध्ये आपल्या गावच्या माणसाच्या खोलीत राहायचं, हॉटेलांत भांडी घासायची, कांदे चिरायचे, हळूहळू शेगडीपाशी पोचायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर बॉम्बहल्ल्यांत मोडकळीला आलेली कॅफे आणि तळलेल्या मासळीची दुकानं स्वस्तात मिळू लागली, ती या लोकांनी घेतली. मासे आणि बटाट्याच्या चिप्स तशाच ठेवल्या, शेजारी करी-भात आला. रात्री अकराच्या सुमारास पब बंद झाले की दुसरं काही उघडं नसायचं, तेव्हा हीच दुकानं दिवा लावून बसलेली असायची. पबमधून निघालेला भुकेला इंग्रज आधी चिप्सवर करी ओतून खायला शिकला, मग नुसती करी मागू लागला.

या गिऱ्हाइकासाठी त्यांनी जी पद्धत बसवली ती थक्क करणारी आहे. सकाळी मोठ्या पातेल्यात पोतंभर कांदा आलं, लसूण, थोडा टोमॅटो आणि हळद घालून मऊ शिजवायचा आणि बारीक वाटून ठेवायचा. ही झाली मूळ ग्रेव्ही. कोंबडी, मटण वेगळं शिजवून ठेवायचं. ऑर्डर आली की जळत्या आचेवर कढईत तेल, मसाल्याची एकच मिश्र पूड, वरून दोन डाव ग्रेव्ही. त्यात मलई आणि नारळ पडला की कोर्मा, तिखट वाढवलं की मद्रास, आणखी वाढवून बटाटा टाकला की विंदालू, डाळ आणि आंबटगोड घातलं की धनसाक. दहा मिनिटांत सहा जणांच्या टेबलावर सहा वेगळ्या करी येतात, त्याही गरमागरम. गोव्याच्या घरातली विंदालू म्हणजे व्हिनेगर आणि लसणीत मुरवलेलं डुकराचं मटण. मुंबईच्या पारशी घरातलं धनसाक म्हणजे रविवारी दुपारी, ब्राउन राइसबरोबर, सावकाश शिजलेली डाळ आणि मटण. लंडनच्या पदार्थांचं त्यांच्याशी नावापुरतंच नातं आहे. पण म्हणून त्यांना खोटं म्हणणं अन्यायाचं होईल. परक्या देशात, भांडवल नसताना, न शिकवता शिकलेल्या माणसांनी घडवलेली ही एक स्वतंत्र पाककला आहे. परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी २००१ मध्ये चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं, त्यामागे या आचाऱ्यांची पन्नास वर्षांची मेहनत होती.

अशा हॉटेलात गेलात तर त्याचीच कसोटी लावा. ग्रेव्ही त्या दिवशीची ताजी आहे का, कांदा पुरता शिजलाय का, कोर्मा आणि मद्रास यांत तिखटापलीकडे काही फरक जाणवतो का, पापडाबरोबरच्या चटण्या घरच्या आहेत की बाटलीतल्या. आणि एक गोष्ट जरूर करा. गर्दी नसेल तेव्हा वेटरला नम्रपणे विचारा, तुम्ही लोक आज काय जेवणार आहात? बहुतेक ठिकाणी कामगारांसाठी वेगळं कालवण शिजत असतं, हाडासकट मटणाचं, पातळ, झणझणीत. त्याला 'स्टाफ करी' म्हणतात. ते मेनूवर नसतं. मागितलं तर मिळेलच असं नाही, पण मिळालं तर त्या आचाऱ्याच्या हाताची खरी चव कळते.

त्याच सिल्हेटी माणसाचं घरचं जेवण खायचं असेल तर व्हाइटचॅपलच्या बाजारामागच्या गल्ल्यांत जावं. तिथे साध्या टेबलांच्या खानावळी आहेत, काचेमागे कालवणांच्या परातीत रुई, बोआल, हिलसा असे नदीतले मासे मांडलेले असतात. शातकोरा नावाच्या कडवट लिंबाच्या सालीसकट शिजवलेलं बीफ ही सिल्हेटची खास ओळख. शुटकी म्हणजे सुकी मासळी, तिचं भरतं करतात. कोकणात सुकट, बोंबील खाऊन वाढलेल्या माणसाला त्या वासाची ओळख करून द्यावी लागत नाही. जवळच्याच ब्रिक लेनचं नाव पर्यटकांच्या पुस्तकांत असतं, पण तिथे रस्त्यावर उभं राहून सवलतीचं आमिष दाखवत आत ओढणारी माणसं असतात. ज्या हॉटेलाला गिऱ्हाईक ओढून आणावं लागतं तिथे त्या वस्तीतला माणूस जेवत नाही, हा माझा पक्का समज आहे. ब्रिक लेनला जा ते तिथली मशीद पाहायला. १७४३ मध्ये फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांचं चर्च म्हणून ती इमारत उभी राहिली, १८९८ मध्ये ज्यूंचं सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून तिथे नमाज होतो. एका वस्तीत एकामागून एक लोक कसे येत गेले, ते त्या एका इमारतीत दिसतं.

व्हाइटचॅपलमध्येच १९७२ मध्ये सुरू झालेली दोन पाकिस्तानी पंजाबी हॉटेलं आहेत, 'तय्यब्स' आणि 'लाहोर कबाब हाउस'. निखाऱ्यावर भाजलेल्या मटण चॉप्ससाठी तिथे लोक रांगेत उभे राहतात. जागा गोंगाटाची, सेवा घाईची, पण निखाऱ्यावरून थेट पानात आलेल्या चॉप्सची सर मध्य लंडनमधल्या महागड्या हॉटेलांना क्वचितच येते.

आता पश्चिमेला. साउथॉलला पंजाबी आले ते १९५० च्या दशकात, जवळच्या रबराच्या कारखान्यात आणि नंतर हीथ्रो विमानतळावर काम मिळालं म्हणून. पुढे केनियातून तिथले पंजाबी आले. स्टेशनवरची पाटी इंग्रजीबरोबर गुरुमुखीतही आहे. ब्रॉडवेवर गरम जिलेबी, तंदूरचा धूर, साड्यांची दुकानं. इथल्या जेवणात दोन धारा आहेत आणि त्या ओळखता आल्या तर मजा दुप्पट. एक थेट पंजाबातून आलेली, सरसों, मक्की, कढी, तंदूर. दुसरी नैरोबीमार्गे आलेली, जिरं घातलेली कोंबडी, मेथीची कोंबडी, तळून तिखटमीठ लावलेला मोगो म्हणजे कसावा. १९७५ मध्ये सुरू झालेलं 'ब्रिलियंट' हे या दुसऱ्या धारेचं प्रसिद्ध हॉटेल, त्या घराण्याचं मूळ हॉटेल नैरोबीत होतं. भारतात न मिळणारं भारतीय जेवण खायचं असेल तर तिथे जा.

वेम्बलीच्या ईलिंग रोडवर गुजराती. १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा आलेल्या कुटुंबांनी या रस्त्याला आकार दिला. फरसाण, ढोकळा, थाळी, कांदा-लसणाविना जैन जेवण. शाकाहारी माणसाला लंडनमध्ये निर्धास्तपणे जेवता येईल अशी ही जागा. युस्टन स्टेशनमागच्या ड्रमंड स्ट्रीटलाही शाकाहारी हॉटेलांची जुनी ओळ आहे. 'दिवाना भेळपुरी हाउस'नं १९७० च्या दशकात मुंबईच्या चौपाटीची चव तिथल्या विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडेल अशा भावात आणली.

पण मला एकच वस्ती निवडायला सांगितली तर मी टूटिंग निवडेन. नॉर्दर्न लाइननं टूटिंग ब्रॉडवेला उतरायचं आणि चालत सुटायचं. 'श्री कृष्णा' हे केरळी हॉटेल तिथे १९७३ पासून आहे. श्रीलंकेत १९८३ च्या जुलैमध्ये तमिळांची कत्तल झाली, त्यानंतर हजारो तमिळ कुटुंबं लंडनला आली आणि त्यांतली बरीच या भागात स्थिरावली. म्हणून इथे आप्पम आणि इडिअप्पम आहे, खेकड्याचं जाफना पद्धतीचं कालवण आहे. शिवाय कोत्तु रोटी आहे. तापलेल्या तव्यावर रोटी, अंडं, भाज्या, मटण दोन लोखंडी पात्यांनी ठेक्यात तोडत जातात, तो आवाज रस्त्यापर्यंत येतो. श्रीलंकेचा तमिळ आचारी मसाला काळपट होईपर्यंत भाजतो. भाजलेल्या मसाल्यावर आणि नारळावर वाढलेल्या मालवणी किंवा कोल्हापुरी जिभेला तो पहिल्याच घासाला आपला वाटतो. लंडनमधल्या मराठी माणसांनी पंजाबी हॉटेलांपेक्षा टूटिंगला जास्त वेळा जायला हवं, असं माझं प्रामाणिक मत आहे. पूर्वेकडे ईस्ट हॅमच्या हाय स्ट्रीट नॉर्थवरही तमिळ आणि मल्याळी लोकांचा असाच मोठा बाजार आहे, केळीच्या पानावरचं जेवण तिथे मिळतं.

आग्नेयेला प्लमस्टेड आणि वुलिच. ब्रिटिश फौजेतून निवृत्त झालेल्या गुरख्यांना २००९ मध्ये स्थायिक होण्याचा हक्क व्यापकपणे मिळाला, त्यानंतर तिथली नेपाळी वस्ती वाढली. मोमो आता सगळीकडे मिळतात, तिथे जाऊन मागावं ते डाळ-भात आणि गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचं सार.

मराठी जेवणाचं काय, हा प्रश्न येणारच. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, पण मराठी माणूस तिथे मुख्यतः शिकायला आणि नोकरीला गेला, हॉटेलधंद्यात उतरला नाही. त्यामुळे मराठी जेवण दीर्घकाळ घरात आणि मंडळाच्या गणपतीत राहिलं. २०१० मध्ये सुजय सोहनी आणि सुबोध जोशी या मुंबईच्या दोन मित्रांनी हाउन्स्लोमध्ये 'श्रीकृष्ण वडापाव' सुरू केलं आणि वडापाव लंडनच्या रस्त्यावर आला. त्याच वर्षी मुंबईच्या इराणी हॉटेलांवर बेतलेलं 'डिशूम' मध्य लंडनमध्ये उघडलं. त्याआधी १९८२ मध्ये कॅमेलिया पंजाबी यांनी साउथ केन्सिंग्टनमध्ये 'बॉम्बे ब्रासरी' काढून पारशी आणि गोव्याचे पदार्थ मोठ्या हॉटेलाच्या मेनूवर आणले होते. पांढरा-तांबडा रस्सा किंवा तिसऱ्यांचं सुकं मात्र लंडनमध्ये अजून सहज मिळत नाही. मराठी वस्ती एका ठिकाणी दाट झाली नाही, त्याचा हा परिणाम.

वस्तीत पोचल्यावर दार कोणतं उघडायचं? पाटीवर देशाचं नाव असण्यापेक्षा गावाचं, प्रांताचं नाव असलेलं बरं. मेनू आखूड असावा. ज्या कार्डावर दोनशे पदार्थ आहेत तिथे दोनशे पदार्थ शिजत नाहीत. ठरावीक वारी ठरावीक पदार्थ मिळत असेल, म्हणजे निहारी फक्त शनिवार-रविवारी, हलीम रमजानात, तर ते हॉटेल वस्तीच्या वेळापत्रकावर चालतं. हात धुवायचं बेसिन जेवणाच्या खोलीतच असेल तर लोक तिथे हातानं जेवतात. शेजारच्या वाण्याकडे ताजा कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, गोठवलेली नदीची मासळी दिसली तर हॉटेलाच्या स्वयंपाकघरातही ती जात असणार. आजी-आजोबांसकट आलेली कुटुंबं दिसली तर नि:शंक बसा. नुसती तरुणांची गर्दी मात्र पुरावा धरू नका, ती स्वस्ताईमुळेही होते.

सगळ्यांत खात्रीची खूण म्हणजे भात. लंडनचं सर्वसाधारण करी हॉटेल सगळ्यांना बासमती वाढतं, बऱ्याचदा रंगीत शितांचा. पण केरळी आचारी आपल्या माणसाला जाड, लालसर मट्टा तांदूळ वाढतो. श्रीलंकेचा तमिळ सांबा तांदूळ वाढतो. सिल्हेटी घरात पाहुण्यासाठी बारीक, सुवासिक काळीजिरा लागतो. आंबेमोहोर आणि इंद्रायणीतला फरक जाणणाऱ्या मराठी वाचकाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आत गेल्यावर पहिल्यांदा विचारा, कोणता तांदूळ आहे? उत्तर अभिमानानं मिळालं तर बाकीचं जेवणही तसंच असेल.

इंटरनेटवरचे तारे फार मनावर घेऊ नयेत. अनेकजण ते वेटरच्या हसण्याला, दिव्यांना आणि टिक्का मसाल्याच्या गोडीला देतात. अभिप्राय वाचायचेच तर त्यांत पदार्थांची नेमकी नावं कोण लिहितं ते बघा. सरकारी स्वच्छता श्रेणी मात्र जरूर पाहा. शून्य ते पाच असे आकडे असलेलं हिरवं-काळं स्टिकर दारावर असतं. इंग्लंडमध्ये ते लावणं सक्तीचं नाही, पण अन्न मानक संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक हॉटेलाची श्रेणी पाहता येते. जुनाट टेबल आणि उडालेला रंग यांचा स्वच्छतेशी संबंध नसतो, साध्या खानावळींनाही पाच मिळालेले असतात.

हे सगळं कायम राहील असं धरून चालू नका. वसाहतीच्या काळातल्या आठवणी जपणारा स्ट्रँडवरचा 'इंडिया क्लब' सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाला. युस्टनच्या नव्या रेल्वेच्या कामानं ड्रमंड स्ट्रीटची वर्दळ कित्येक वर्षं तुटली. परदेशातून आचारी आणण्याचे नियम कडक झाले आहेत आणि हॉटेलमालकांच्या मुली-मुलांनी शिकून दुसरे व्यवसाय धरले, ज्यासाठी त्यांच्या आईवडिलांनी रात्री जागवल्या होत्या. त्या मुलांनी शेगडीपाशी परत यावं, असं म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण जे आचारी आज तिथे रांधत आहेत, त्यांच्याकडे जाऊन जेवता येतं. लंडनला गेलात तर एक रविवार त्यासाठी मोकळा ठेवा, दुपारी एकच्या आत टूटिंग किंवा ईस्ट हॅम गाठा, त्या दिवशीचं खास जे असेल ते मागवा, आणि आवडलं तर आत निरोप पाठवून आचाऱ्याला तसं सांगा.